अर्ध्या टोपीची पाटी

मी एक जुनी लाकडी पाटी आहे, मित्रांनो, आणि माझ्या तोंडावर काय लिहिले आहे ते मी स्वतः आजवर कधी वाचलेले नाही. पाटीचा जन्मच असा. लोक खाली थांबतात, मान वर करतात, ओठ हलवतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला माझा मजकूर कळतो. कोणी हसले की वाटते, काहीतरी चुकले. कोणी गप्प राहिले की वाटते, काहीतरी लपवले. अशाने माझा स्वभाव संशयी झाला असेल तर समजून घ्या.

पाटी होण्याआधी मी एका कपाटाचे दार होते. कपाट वाळवीने खाल्ले, दार तेवढे धड राहिले. बंदराजवळच्या सुताराने मला रंधा मारला, कडा गोल केल्या, वरच्या बाजूला दोन कड्या बसवल्या आणि पेंटरच्या हवाली केले. पेंटर म्हणजे बाजारातल्या सगळ्या दुकानांची नावे रंगवणारा सडपातळ माणूस. त्याच्या बोटांना कायम टर्पेंटाइनचा वास असे. त्याने मला पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि त्यावर निळ्या रंगात तीन शब्द लिहिले. दारावर टांगेपर्यंत पाटीला डोळे-कान फुटत नाहीत, म्हणून इथवरचे सगळे मी नंतर ऐकलेले सांगते आहे.

आमच्या बंदरावर फ्रेंचांच्या अमलापासून पाट्या फ्रेंच भाषेत लिहायची पद्धत होती. माझ्यावर लिहिले होते 'ओ व्ह्यो पेशर', म्हणजे 'म्हाताऱ्या मासेमाराकडे'. ही एका खाणावळीची पाटी होती आणि तो म्हातारा मासेमार म्हणजे खाणावळीचा मालक. तरुणपणी तो बोटीवरचा तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, होता. बोट सुटली तरी नाव सुटले नाही. सगळे त्याला तांडेलच म्हणत.

तांडेलच्या बोटीवर त्याचा एक भागीदार होता, सख्ख्या भावासारखा. एकदा दोघे धुक्यात समुद्रावर गेले आणि तांडेल एकटा परत आला. जाळ्यात पाय अडकून भागीदार पाण्यात ओढला गेला, असे त्याने काठावर सांगितले. त्यानंतर तो पुन्हा समुद्रावर गेला नाही. बोट विकली, खाणावळ काढली आणि भागीदाराच्या बायकोला स्वयंपाकघर सोपवले. तिला तो वहिनी म्हणे, म्हणून साऱ्या बंदराची ती वहिनी झाली. ती त्याला भावोजी म्हणे.

दारावर टांगल्यापासून मी एक गोष्ट ऐकत आले. जेवून बाहेर पडलेली माणसे दात कोरता कोरता हळूच म्हणत, "गेले दोघे, आला एक. खरं काय ते समुद्राला ठाऊक." माझ्या कानावर हे इतक्यांदा पडले की मलाही वाटू लागले, खरे काय असेल? मी काही समुद्रावर नव्हते. तांडेल दाराशी उभा राहून पाण्याकडे टक लावून बघे, तेव्हा मी वरून त्याचे टक्कल बघत असे आणि मनात म्हणे, या डोक्यात काय आहे? आणि वहिनी? तिने त्या दिवसाबद्दल त्याला कधी काही विचारले नाही. तिने विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही. दोघे एका छपराखाली वर्षानुवर्षे मासे साफ करत, पाव कापत, गिऱ्हाइकांशी हसत. पण तो एक विषय मध्ये बंद पेटीसारखा पडून होता.

दाराच्या बाजूला माझ्या खाली एक फळा होता. त्या दिवशी जेवायला काय आहे ते वहिनी त्यावर खडूने लिही. तिचे अक्षर साधे होते, पण खुणांच्या बाबतीत ती फार काटेकोर. फ्रेंचमध्ये काही अक्षरांच्या डोक्यावर खुणा असतात. एखादी तिरपी रेघ, एखादी उलटी रेघ, एखादी छपरासारखी टोपी. परक्या माणसाला वाटते, नुसती नक्षी आहे. पण तुमच्या मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे बिचारा. फरक केवढा, तर वेलांटी कोणत्या बाजूला वळली तेवढा. तसेच हे.

एकदा वहिनीला बरे नव्हते म्हणून तांडेलच्या जावयाने फळा लिहिला. जावई हुशार होता, पण घाईचा. 'खारवलेला मासा' लिहिताना शेवटच्या अक्षरावरची तिरपी रेघ तो विसरला. रेघ असली तर 'साले' म्हणजे खारवलेला. रेघ नसली तर 'साल' म्हणजे घाणेरडा. दुपारपर्यंत बंदरावरचा प्रत्येक हमाल दारात येऊन विचारून गेला, "आज घाणेरडा मासा आहे म्हणे? वाढा की." संध्याकाळी वहिनी तापातच उठून आली, पदराने खडूची भुकटी झटकली आणि ती रेघ ओढून परत जाऊन झोपली. जावयाला ते लागले. मी वरून त्याचे कान लाल झालेले पाहिले.

त्यानंतर एक वर्ष वादळाचे आले. वारा असा सुटला की शेजारच्या दोरखंडवाल्याची पाटी उडून पाण्यात गेली. तांडेलने मला उतरवले आणि मागच्या कोठीत, मिठाच्या पोत्यांमध्ये, भिंतीकडे तोंड करून उभे केले.

मित्रांनो, भिंतीकडे तोंड करून उभे राहणे काय असते ते शिक्षा झालेल्या मुलालाच कळेल. पाठीमागे पावले वाजतात आणि कोण आले ते दिसत नाही. वहिनी मीठ न्यायला येई, तिची चप्पल मी ओळखे. एकदा जावई आला. त्याच्याबरोबर आणखी कोणी होते, मापाची टेप सर्रकन ओढल्याचा आवाज आला आणि मग गोदाम किती मोठे होईल त्याची बोलणी. त्याला ही खाणावळ मोडून तिथे गोदाम करायचे होते, हे मला तेव्हाच कळले. पेंटरही आला, त्याची शिडी परत न्यायला. ती त्याने माझ्या अंगाला घासत नेली. हवा दमट होती. माझा चेहरा भिंतीच्या ओलीला चिकटून बसला होता. त्या दिवसांत माझ्या चेहऱ्याला नक्की काय काय लागले, कोणाचा हात लागला का, ते मला सांगता येणार नाही.

वादळ सरले. तांडेलने मला पुसून पुन्हा दारावर चढवले. पहिला माणूस आला तो पोस्टमन. त्याने सवयीने मान वर केली आणि थबकला. मग तोंड वाकडे करून हसला.

"काय तांडेल, कबुलीजबाब दिलात की काय?"

तांडेल खुर्चीवर चढला. माझ्यावरच्या 'पेशर' शब्दाच्या दुसऱ्या अक्षरावर त्याचे बोट येऊन थांबले. तिथे टोपी होती. टोपी म्हणजे दोन रेघा, एक डावीकडून वर चढणारी आणि दुसरी उजवीकडे खाली उतरणारी. उतरणारी रेघ नाहीशी झाली होती. नुसती चढणारी उरली होती. आणि फ्रेंच भाषेचा खोडसाळपणा बघा. पुरी टोपी असली तर 'पेशर' म्हणजे मासेमार, आणि नुसती चढती रेघ असली तर 'पेशर' म्हणजे पापी. बोलताना फरक जवळपास कळतही नाही. वाचताना मात्र ते सरळ डोळ्यांत खुपते.

म्हातारा पापी. त्या माणसाच्या दारावर, ज्याच्याबद्दल सगळे बंदर कुजबुजत होते.

बाकी साऱ्या अक्षरांना ओरखडासुद्धा नव्हता. ती एवढी रेघ कोणी नखाने अलगद उचलावी तशी गेली होती.

त्या दुपारी जावई दारात सासऱ्याला म्हणाला, "बाबा, तुम्हाला वाईट वाटेल, पण बोलतो. राग काढायचा असता तर कोणीही पाटीवर चिखल फेकला असता. इतकी नेमकी अर्धी रेघ काढायला ती रेघ काय आहे ते कळावं लागतं. या घरात ते कोणाला कळतं, तुम्हीच सांगा."

 तांडेलने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितले, ते मी बघितले.

खरे सांगते, मलाही ते पटले. त्या दिवसापासून मी वहिनीवर डोळा ठेवला. ती सकाळी यायची, दाराशी थांबायची, वर बघायची. नेमके त्याच जागी बघायची आणि मान खाली घालून आत जायची. मी म्हणायचे, बघा, चोर चोरीची जागा बघून जातो. एकदा ती तांडेलला म्हणाली, "भावोजी, पाटी तेवढी दुरुस्त करून घ्या लवकर. बरं दिसत नाही." मी म्हणाले, बघा, खूण बुजवायची घाई झाली आहे. तांडेलनेही तसेच धरले असणार, कारण तो म्हणाला, "ज्याने काढली त्यानेच भरावी. तोवर राहील तशीच."

मग खाणावळीतली हवा बदलली. तांडेलने कोठीला कुलूप लावले. मीठ हवे असले की वहिनीने मागायचे आणि त्याने काढून द्यायचे. ती फळा लिहू लागली की तो मागे येऊन उभा राही. तिने वाढलेला घास तोंडात घालण्याआधी तो क्षणभर थांबे. गिऱ्हाइकांशी ती हळू आवाजात काही बोलली की तो हातातले काम टाकून कान देई. आणि त्याच्यावर? त्याच्यावर मी नजर ठेवून होते. निष्पाप माणसाला एक शब्द इतका का झोंबावा, असा प्रश्न मला पडू लागला होता. एकूण सगळे सगळ्यांवर नजर ठेवून होते आणि कोणीच कोणाला विचारत नव्हते.

शेवटी एका दुपारी, गिऱ्हाइके उठून गेल्यावर, तांडेल दारातल्या बाकावर बसला आणि त्याने वहिनीला हाक मारली. ती ओले हात पुसत आली.

"वहिनी," तो म्हणाला, "इतकी वर्षं मनात काय ठेवलंत ते एकदा तोंडावर सांगून टाका. असं दारावर लिहू नका."

 तिने वर माझ्याकडे बघितले.

"पाटीचं मला सांगता येईल, भावोजी. पण तुम्ही पाटीचं विचारत नाही आहात."

"मग कशाचं विचारतोय?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे. मी विचारायची वाट बघत होतात ना? आणि मी तुम्ही सांगायची. आता तुम्ही विचारलंत, तेही असं."

तिने कमरेचा फडका सोडला, घडी केली आणि बाकावर ठेवला. त्या दिवशीचा उरलेला रस्सा झाकला की नाही ते बघायला ती एकदा आत गेली आणि मग बाहेर पडली. तिने मागे वळून पाहिले नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बंदराच्या पलीकडच्या टोकाला जाळी विणायच्या शेडमध्ये कामाला जाऊ लागली.

खाणावळ लंगडत चालू राहिली. तांडेलची लेक स्वयंपाक करू लागली, जावई फळा लिही आणि गोदामाची गोष्ट जेवताना मधूनमधून काढी. माझ्याखालून जाणारी माणसे वर बघून आता हसतही नसत. नुसते समजल्यासारखे मान हलवत. मला वाटले होते, चोर गेला म्हणजे हवा स्वच्छ होईल. तसे झाले नाही.

पेंटर त्या काळात आजारी होता, मुलाकडे जाऊन राहिला होता. तो परत आला आणि त्याने येता-जाता माझ्याकडे बघितले. मग आपणहून शिडी घेऊन आला. वर चढून त्याने माझ्या त्या जागेवरून अंगठा फिरवला, चष्मा कपाळावर सरकवून डोळा अगदी जवळ आणला आणि खाली उतरून तांडेलसमोर उभा राहिला.

"ही कोणी खरवडलेली नाही, तांडेल."

"मग काय वाऱ्याने नेली?"

"ओलीने नेली. बाकीची अक्षरं वॉर्निशच्या खाली आहेत. ही रेघ वॉर्निशच्या वर होती. तिला धरायला खाली काही नव्हतं. इतकी वर्षं टिकली हेच नवल."

तांडेलला कळेना. पेंटर बाकावर बसला आणि आपल्या रंगाने माखलेल्या बोटांकडे बघत बोलू लागला.

"चूक माझी होती. पहिल्यांदा लिहिताना मी एकच रेघ ओढली. पापी असंच लिहिलं होतं मी. वॉर्निश चढवून पाटी सुकायला ठेवली, तेव्हा वहिनी माझ्या दुकानावरून चालल्या होत्या. त्यांनी वाचलं आणि आत आल्या. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता दुसरी रेघ ओढा, माझ्यासमोर. मी म्हटलं, वॉर्निश झालंय, सगळं काढून पुन्हा करतो, दोन दिवस द्या. म्हणाल्या, दोन दिवसांत चार माणसं तुमच्या दुकानात येतील. आधीच लोक काय काय बोलतात. ही पाटी कोणाच्या नजरेस पडली तर भावोजी मरेपर्यंत लोक तेच वाचतील. म्हणून मी वरूनच रेघ ओढली. त्यांनी मला बजावलं, हे त्यांना कधी कळता कामा नये. आणि माझी चूक त्यांनीही कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर मला पुन्हा कोणी पाटी दिली नसती."

तांडेल खाली बघत होता. त्याने विचारले, "तिचा माझ्यावर विश्वास होता?"

"मी विचारलं होतं त्यांना. धिटाईच केली. म्हणाल्या, 'ते परत आले तेव्हा त्यांचे तळहात तुम्ही बघितलेत का? दोर धरून धरून कातडं निघालं होतं. मी औषध लावलंय त्यांना.' बस, एवढंच."

मित्रांनो, मी पाटी आहे, मला लाज वाटली तरी ती कोणाला दिसत नाही. पण त्या क्षणी मला वाटले, कोणीतरी मला पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभे करावे. ती रोज सकाळी वर बघायची ती चोरासारखी नव्हे. आपण लावलेले ठिगळ सुटले म्हणून काळजीने बघायची.

पेंटरने ब्रश काढला तेव्हा तांडेल म्हणाला, "राहू दे." आणि चप्पल घालून तो बंदराच्या पलीकडच्या टोकाकडे निघाला.

तिथे काय झाले ते मला संध्याकाळी कळले, तो दारात बसून लेकीला सांगत होता तेव्हा. शेडमध्ये सगळ्या बायकांसमोर त्याने वहिनीची माफी मागितली. तिने हातातली सुई थांबवली नाही. ती म्हणाली, "मी रागावलेली नाही, भावोजी. पण आता मी त्या चुलीपाशी उभी राहिले की तुम्ही माझ्याकडे बघताय की माझ्यावर नजर ठेवताय, हे मला दर वेळी ताडून बघावं लागेल. या वयात ते नको."

"मग? येणार नाहीत त्या?" लेकीने विचारले.

"नाही," तांडेल म्हणाला. "आणि तिचं बरोबर आहे."

त्याने पाटी दुरुस्त करू दिली नाही. आता तो अर्थ खरा झाला आहे, असे त्याचे म्हणणे. कोणी वर बघून काही विचारले की तो सांगे, "हो, पापी. माझी अब्रू झाकणाऱ्या बाईवर मी संशय घेतला." पोस्टमनला त्याने हे सांगितले, हमालांना सांगितले, परगावच्या गिऱ्हाइकांनाही सांगितले. जावयाने एकदा गोदामाचा विषय काढला तेव्हा तांडेलने त्याला शांतपणे विचारले, "त्या दिवशी तू मला जे सांगितलंस, ते तुला खरंच वाटत होतं की सोयीचं वाटत होतं?" जावई उठून आत गेला. गोदामाचा विषय पुन्हा निघाला नाही. पण मी अजून त्याच्या टेपचा आवाज विसरलेले नाही.

असे बरेच महिने गेले. मग एका दुपारी वहिनी आली. स्वयंपाकघराच्या दाराने नव्हे, समोरच्या दाराने, गिऱ्हाइकासारखी. ती माझ्याखाली थांबली आणि तिने मान वर केली.

"भावोजी, हे अजून तसंच?"

"खरं तेच लिहिलंय."

"लोक जेवायला येतात, तुमची कबुली ऐकायला नाही. पाप झालं, माफी मागितलीत, संपलं. ते दारावर टांगून मिरवायचं कशाला? उद्या पेंटरना बोलवा. आणि या वेळी वॉर्निश काढून करायला सांगा, वरून नको."

"सांगतो," तांडेल म्हणाला.

ती आत जाऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसली. तांडेलने स्वतः ताट आणून ठेवले आणि तो मागे वळणार एवढ्यात ती म्हणाली, "बसा." तो समोर बसला. तिने पावाचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही.

"त्या दिवशी धुक्यात काय झालं," तिने विचारले, "ते मला सगळं सांगा. पहिल्यापासून."

आणि त्याने सांगितले. दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते. त्याला फार वेळ लागला. मध्ये दोनदा तो थांबला आणि दोन्ही वेळा तिने वाट बघितली. ताटातले सगळे गार झाले. शेवटी ती इतकेच म्हणाली, "त्यांनी हाक मारली होती का?" तो म्हणाला, "मारली होती. तुमच्या नावाने."  लेकीने येऊन गार ताट उचलले आणि गरम आणून ठेवले.

आता मी खरोखर जुनी झाले आहे. माझ्या कडा फुगल्या आहेत. टोपी मात्र पुरी आहे. पेंटरने लाकडापर्यंत घासून ती नव्याने बसवली. वहिनी स्वयंपाकघरात परत आली नाही. आठवड्याच्या बाजारादिवशी ती जेवायला येते, त्याच टेबलाशी बसते. तांडेल ताट ठेवताना अजूनही थोडा बिचकतो आणि ती ते दिसूनही न दिसल्यासारखे करते.

मित्रांनो, लिहिताना टिंब, वेलांटी, मात्रा द्यायला आळस करू नका. त्या बिचाऱ्या खुणा छोट्या असतात, पण त्यांच्या जिवावर कोणाचे तरी नाव उभे असते. आणि एखादी खूण गळालेली दिसली, एखादे माणूस गप्प दिसले, तर मनातल्या मनात त्याचा अर्थ लावत बसू नका. मी लावत बसले होते, रोज वरून खाली बघत, आणि मी लावलेला एकही अर्थ बरोबर निघाला नाही. जवळ जा आणि विचारा. विचारायला उशीर झाला तर उत्तर मिळते, मित्रांनो, पण ते ऐकायला समोर बसलेले माणूस तोवर गिऱ्हाईक झालेले असते.